आवडती कादंबरी सांगताय? मग हेही सांगा

सध्या उद्धव शेळक्यांची 'धग' पुन्हा वाचतोय. १९६० ची कादंबरी, पण त्या वऱ्हाडी बोलीत कौतिकचे हाल वाचताना आजही आवंढा गिळावा लागतो. प्रत गावच्या वाचनालयातली, पानं सुटी झालेली. आतल्या चिठ्ठीवर शेवटची तारीख नऊ वर्षांपूर्वीची!

२०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवला. वाचनालयाची वर्गणी मात्र किती जणांनी भरली? संध्याकाळी तिथे पेपर चाळणारे चार आजोबा, बास. कादंबऱ्यांच्या कपाटाची किल्लीसुद्धा शोधावी लागली. मागणीच नाही म्हटल्यावर नवी पुस्तकं येणार कशी?

तर मंडळी, सध्या काय वाचताय ते सांगाच. पण पुस्तक कुठून आणलंत तेही लिहा: विकत, मागून, की वाचनालयातून? (पीडीएफवाल्यांनीही लाजू नये.)