खेळाच्या पटावरील मुस्कटदाबी

संगणकावरचा खेळ म्हणजे पोरखेळ, अशी आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींची पक्की समजूत आहे. मुलगा कानाला हेडफोन लावून बसला की तो वेळ वाया घालवीत आहे, यापलीकडे विचार करण्याची आपली तयारी नसते. त्याच्या अभ्यासाची, डोळ्यांची, झोपेची चिंता रास्तच आहे. परंतु त्या हेडफोनमधून तो कोणाशी तरी बोलत असतो आणि ते बोलणे केवळ खेळापुरते नसते, हे किती पालकांना ठाऊक असते? कोणता फोन घ्यावा, कोणत्या पक्षाने काय दिवे लावले, शेजारी राष्ट्राशी व्यापार ठेवावा की तोडावा, या साऱ्यांवर तेथे हिरीरीने मते मांडली जातात. पूर्वी जी चर्चा गावच्या पारावर, चाळीच्या गॅलरीत किंवा वाचनालयाच्या पायरीवर रंगे, ती आज खेळता खेळता रंगते. पार बदलला, हे मान्य. पण पूर्वीचा पार साऱ्या गावाचा होता. हा नवा पार कोणाच्या मालकीचा आहे आणि त्यावर बोलणाऱ्याला उठवून लावण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आपण विचारलेलाच नाही.

ज्यांना या प्रश्नाचे उत्तर हवे असेल त्यांनी ऑक्टोबर २०१९ मधील एक प्रकरण मुळातून पाहावे. ब्लिझार्ड ही कॅलिफोर्नियातील बडी कंपनी. 'हार्थस्टोन' हा तिचा पत्त्यांच्या डावासारखा खेळ जगभर खेळला जातो आणि त्याच्या मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा होतात. त्या वर्षी हाँगकाँगमध्ये जूनपासून चीनधार्जिण्या प्रत्यार्पण विधेयकाविरुद्ध आंदोलन पेटले होते. आंदोलकांनी तोंड झाकू नये म्हणून तेथील प्रशासनाने ५ ऑक्टोबरपासून मुखवटाबंदी लागू केली. दुसऱ्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, 'ब्लिट्झचुंग' या नावाने खेळणारा हाँगकाँगचा एक तरुण सामन्यानंतरच्या मुलाखतीसाठी चेहऱ्यावर गॅस मास्क चढवून बसला आणि हाँगकाँगच्या मुक्तीची घोषणा देऊन मोकळा झाला. कोणाला शिवी नाही, कोणाला धमकी नाही. आपल्या शहराविषयी एका नागरिकाने उच्चारलेले एक वाक्य.

दोन दिवसांत कंपनीचा निकाल आला. त्याला स्पर्धेतून बाहेर काढण्यात आले, त्याची बक्षिसाची रक्कम शून्यावर आणण्यात आली आणि वर्षभराची बंदी लादण्यात आली. मुलाखत घेणाऱ्या दोघा निवेदकांनाही घरची वाट दाखवण्यात आली! त्यांचा अपराध एवढाच, की ते त्या वेळी समोर होते.

यासाठी पुढे केलेला नियम वाचण्यासारखा आहे. ज्या कृतीमुळे खेळाडूची बदनामी होईल, जनतेतील एखाद्या गटाच्या भावना दुखावतील किंवा कंपनीच्या प्रतिमेला धक्का पोहोचेल, अशी कोणतीही कृती शिक्षेस पात्र. आणि तशी कृती झाली की नाही हे ठरवणार कोण, तर स्वतः कंपनीच. फिर्यादी तीच, न्यायाधीश तीच आणि दंडाची रक्कम राहणार तीही तिच्याच तिजोरीत. असा नियम एखाद्या सरकारने केला असता तर देशोदेशीच्या विचारवंतांनी आकाशपाताळ एक केले असते. कंपनीने केला म्हणजे तो 'अटी आणि शर्ती' ठरतो आणि आपण तो न वाचता संमतीचे बटण दाबून पुढे जातो.

"खेळात राजकारण कशाला?" असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. स्पर्धेचे व्यासपीठ खेळासाठी असते. आज एकाने त्यावरून घोषणा दिली तर उद्या दुसरा देईल, हे म्हणणे समजण्यासारखे आहे. त्यासाठी समज देता आली असती, किरकोळ दंड करता आला असता. परंतु ज्या दिवसांत खेळाडूला 'राजकारण नको' असा उपदेश चालला होता, त्याच दिवसांत चीनमधील वायबो या समाजमाध्यमावर याच खेळाच्या अधिकृत खात्यावरून घडल्या प्रकाराचा निषेध करून देशाच्या प्रतिष्ठेचे रक्षण करण्याची ग्वाही देण्यात आली. हे राजकारण नव्हे काय? म्हणजे राजकारणाला मज्जाव नव्हताच. बाजारपेठेला रुचणारे राजकारण चालणार होते, न रुचणारे चालणार नव्हते. चीनमधील टेन्सेंट या कंपनीचा ब्लिझार्डच्या पालक कंपनीत त्या वेळी सुमारे ५ टक्के हिस्सा होता, हेही या ठिकाणी ध्यानात घेतले पाहिजे.

यानंतर जे घडले ते आशादायक आहे. कंपनीच्या अर्वाइन येथील मुख्यालयात एका पुतळ्याभोवती तिची ब्रीदवाक्ये कोरलेली आहेत. 'प्रत्येक आवाज मोलाचा आहे' हे त्यांतील एक. काही कर्मचाऱ्यांनीच ते कागद चिकटवून झाकून टाकले! काही जण हाँगकाँगच्या आंदोलनाचे प्रतीक असलेली छत्री घेऊन बाहेर उभे राहिले. अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांच्या संघाने सामना चालू असतानाच हाँगकाँगच्या समर्थनाचा फलक धरला. पुढे रुबिओ आणि ओकाशिओ-कॉर्टेझ यांच्यासारखे एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या विचारांचे लोकप्रतिनिधीही निषेधाच्या एकाच पत्राखाली सही करते झाले. त्या पत्राच्या आधीच, निषेधाचा सूर चढू लागल्यावर, कंपनीने बक्षिसाची रक्कम परत केली होती आणि बंदी सहा महिन्यांवर आणली होती. चीनमधील हितसंबंधांचा निर्णयाशी संबंध नव्हता, असे तिच्या अध्यक्षांनी सांगितले. तसे असेल तर दडपण नसतानाही एवढी कठोर शिक्षा देणारा तो नियम अधिकच घातक म्हणावा लागेल.

आणि ज्या बाजारपेठेला जपले ती तरी टिकली का? जानेवारी २०२३ मध्ये चिनी भागीदार नेटईझबरोबरचा करार संपला आणि ब्लिझार्डच्या बहुतेक खेळांची चीनमधील सेवा बंद पडली. ती पुन्हा सुरू होण्यास २०२४ साल उजाडले. या काळात तेथील लक्षावधी खेळाडू आपल्या वर्षानुवर्षांच्या खेळाला आणि सवंगड्यांना मुकले. त्यांना तरी कोणी विचारले होते? परक्याच्या ओसरीवर मांडलेला डाव मालकाची मर्जी फिरली की मोडतो, मग तुम्ही घोषणा द्या अथवा गप्प बसा.

हे सारे दूरदेशीचे, आपणांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आपलाच अनुभव पाहा. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यांत पबजी मोबाइल होता. खेळ मूळचा दक्षिण कोरियाचा, पण मोबाइलवरील त्याचा कारभार टेन्सेंटकडे होता. गलवानच्या संघर्षानंतर देशाच्या सुरक्षेसाठी घेतलेला तो निर्णय योग्यच होता. परंतु त्यातून आपली एक उणीव उघडी पडली. आपली तरुण पिढी ज्या ठिकाणी रोज रात्री भेटत होती, बोलत होती, वाद घालत होती, ते ठिकाण आपले नव्हतेच. २०२१ मध्ये त्याच कोरियन कंपनीने भारतासाठी वेगळी आवृत्ती आणली, जुलै २०२२ मध्ये तीही बंद झाली, २०२३ मध्ये परत आली. खेळाचे नाव बदलले, मालकी बाहेरचीच राहिली. खेळ, पात्रे, कथा आणि बोलण्याची जागा हे सगळे आयात करणाऱ्या समाजाने आपल्या मुलांची मते तेवढी स्वदेशी असावीत अशी अपेक्षा कशी करावी?

मतस्वातंत्र्याचा हा प्रश्न केवळ परकीय कंपन्यांपुरता नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले, दुसरीने त्याला पसंती दर्शवली आणि दोघींना अटक झाली. शोकाकुल महाराष्ट्राला ते मत बोचले असेल. पण बोचणारे मत म्हणजे गुन्हा नव्हे. 'त्रासदायक', 'गैरसोयीचे' अशा कोठेही ताणता येणाऱ्या शब्दांवर उभे असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्दबातल ठरवले. ते कलम आणि हार्थस्टोनचा तो नियम शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. फरक एवढाच, की कलमाविरुद्ध न्यायालयात जाता आले आणि ते मोडून काढता आले. कंपनीच्या नियमाविरुद्ध खेळाडूने कोठे जावे?

याच महाराष्ट्रात टिळक आणि आगरकर यांचे मतभेद विकोपाला गेले तेव्हा आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी'चे संपादकपद सोडले आणि १८८८ मध्ये स्वतःचा 'सुधारक' काढला. दोघांनी एकमेकांवर जहरी टीका केली, पण कोणाचाही आवाज बंद झाला नाही. कारण दुसरे पत्र काढण्याची वाट मोकळी होती. आजच्या खेळाडूला ती वाट नाही. ज्या खेळात त्याने वर्षे घालवली, नाव कमावले, त्यातून हकालपट्टी झाली तर तोच खेळ खेळण्यासाठी दुसरे मैदान उपलब्ध नसते.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरलाच पाहिजे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी केली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. मान्यता दिली म्हणजे त्या क्षेत्रातील खेळाडूच्या हक्कांचीही जबाबदारी आली. भारतात स्पर्धा घेणाऱ्या प्रत्येक कंपनीचे नियम नेमके आणि भारतीय भाषांत असावेत. शिक्षेचे कारण लेखी द्यावे. म्हणणे ऐकून घेतल्यावाचून जिंकलेले बक्षीस हिरावून घेऊ नये. समाजमाध्यमांच्या निर्णयांविरुद्ध दाद मागण्यासाठी २०२३ मध्ये सरकारने अपील समित्या नेमल्या. तशी दाद खेळाडूलाही मिळावी. आणि आपल्या अभियंत्यांनी, चित्रकारांनी, कथाकारांनी आपले खेळ घडवावेत. जगातील कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामे पुण्या-बंगळुरूत बसून करणाऱ्या देशाला हे अशक्य खासच नाही.

राहता राहिली आपली स्वतःची जबाबदारी. विरोधी मत दिसताच शेकडो जणांनी मिळून तक्रारी ठोकायच्या आणि समोरच्याचे खाते बंद पाडायचे, याला आपल्यातीलही काही उत्साही तरुण पराक्रम समजतात. हा पराक्रम नव्हे. ज्या कंपनीच्या मनमानीविरुद्ध आपण ओरड करतो, तिच्याच हाती आपण काठी देत असतो आणि ती काठी उद्या आपल्या पाठीवर बसणार आहे. शिवीगाळ, धमकी, खोटी बातमी यांना थारा नको, हे निर्विवाद. पण मताला उत्तर मतानेच दिले पाहिजे, आणि ते देण्याइतका अभ्यासही केला पाहिजे.

पालकांनीही एवढे करावे. आज रात्री मुलाच्या कानावरचा हेडफोन काढायला लावण्यापूर्वी तो कोणाशी, कोणत्या विषयावर वाद घालीत आहे, हे त्याला विचारावे. त्याचे मत ऐकून घ्यावे आणि पटले नाही तर त्याच्याशी वाद घालावा. मोकळेपणाने बोलण्याचे एक हक्काचे ठिकाण त्याला घरात मिळाले, तर बाहेरच्या मालकांसमोर ताठ मानेने उभे राहण्याचे बळही त्याला तेथूनच मिळेल.