उलट्या माऊसची कैफियत

यंदाच्या गॅदरिंगमध्ये गेमिंग स्पर्धेच्या टेबलावर एक संवाद झाला, तो आधी जसाच्या तसा देतो.

"हे काय आहे?"

"ट्रॅकबॉल."

"म्हणजे?"

"माऊसच आहे, फक्त हलत नाही."

"हलत नाही तर माऊस कसला? नियमात माऊस लिहिलंय. माऊस असेल तर बसा, नाहीतर पुढच्या टीमला बसू द्या."

विचारणारा टी.ई.चा व्हॉलंटियर, उत्तर देणारा माझा रूम पार्टनर, आणि मागे लॅपटॉपच्या बॅगा घेऊन उभे असलेले आम्ही उरलेले चौघं. शेवटी कुणाचा तरी माऊस मागून आणला, पार्टनर बसला आणि आम्ही खेळलो. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये बारा राउंड झाले की बाजू बदलते. तोपर्यंत आम्ही ७-५ ने पुढे होतो. बाजू बदलली तेव्हा पार्टनर उजवा हात मांडीवर घेऊन चोळत बसलेला. पुढचे काही राउंड त्याने डाव्या हाताने माऊस धरून काढले. मॅच १३-९ अशी गेली. ज्यांनी आम्हाला हरवलं ते चांगलं खेळले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या नियमाबद्दल आहे, आणि ती मासिकात मांडावी असं ठरवून हा लेखनप्रपंच.

आधी पार्टनरच्या हाताबद्दल. एस.ई.ला असताना पावसाळ्यात घाटात त्याची गाडी घसरली. मनगटाजवळचं हाड मोडलं, प्लेट आणि स्क्रू बसले. हात बरा झाला, जर्नल लिहितो, ड्रॉइंग काढतो, मेसमध्ये चपात्या आमच्याहून जास्त खातो. पण मनगट डावी-उजवीकडे सारखं फिरवलं की पंधरा-वीस मिनिटांत दुखायला लागतं. बोटं मात्र ठणठणीत आहेत. म्हणून त्याने जुन्या सामानाच्या दुकानातून एक वापरलेला ट्रॅकबॉल आणला. तो टेबलावर ठेवला तेव्हा सर्वात जास्त टिंगल मीच केली होती. "अरे, हे तर सोनोग्राफीचं मशीन!" वगैरे. (सोनोग्राफीच्या मशीनवरही असा बॉल असतो, हे मात्र खरं.)

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या काळचा बॉलवाला माऊस आठवा. एफ.ई.च्या मुलांनी तो पाहिलेला नसणार, पण स्टाफला नक्की आठवेल. लॅबचे मामा सांगतात की तेव्हा प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर माऊसमधले बॉल मोजून घ्यावे लागायचे, कारण ते हॉस्टेलवर क्रिकेटसाठी पळवले जायचे! त्या माऊसच्या पोटात रबर चढवलेला जड बॉल, त्याला काटकोनात टेकलेले दोन रोलर, रोलरच्या टोकाला खाचा असलेल्या चकत्या आणि चकतीतून जाणारा प्रकाश मोजणारे सेन्सर. हाच माऊस उलटा करून बॉल बोटांनी फिरवला की झाला ट्रॅकबॉल. आताच्या ट्रॅकबॉलमध्ये बहुधा रोलर नसतात. बॉल तीन बारीक मण्यांवर टेकलेला असतो आणि त्याचं फिरणं ऑप्टिकल सेन्सर टिपतो. डबी जागची हलत नाही. आमच्या रूमवरच्या डबीचा बॉल ४० मिलिमीटर व्यासाचा आहे. तर्जनी आणि मधलं बोट बॉलवर, अंगठा डाव्या बटणावर.

आता गंमत बघा. माझी टिंगल बंद झाली ती पार्टनरच्या हातामुळे नव्हे, माझ्या टेबलामुळे. हॉस्टेलचं टेबल दोन फुटांचं, म्हणजे ६१ सेंटीमीटर. साडेपंधरा इंची लॅपटॉप त्यातले ३६ खातो. उरलेल्या २५ सेंटीमीटरमध्ये पाण्याची बाटली, चार्जर आणि सबमिशनची फाईल. शूटिंग गेम मनापासून खेळणारे बरेच जण सेन्सिटिव्हिटी इतकी कमी ठेवतात की गेममध्ये एक पूर्ण गिरकी घ्यायला माऊस ३०-४० सेंटीमीटर सरकवावा लागतो. तेवढी जागा कुणाकडे आहे? म्हणून आपण काय करतो, पलंगावर मांडी घालून बसतो आणि ग्रेवालचं गणिताचं पुस्तक माऊसपॅड म्हणून वापरतो. (एम-थ्रीला त्या पुस्तकाचा माझ्याकडून झालेला हा सर्वाधिक उपयोग.) पुस्तकाच्या कडेला माऊस आला की उचलायचा, मध्ये आणायचा, पुन्हा सरकवायचा. तेवढ्यात समोरचा आपल्याला टिपून मोकळा. ट्रॅकबॉलला उचलणं नाही, कड नाही. उशीवर ठेवला तरी चालतो.

म्हणून एका रविवारी मी तो मागून घेतला आणि मेस बंद होईपर्यंत त्याच्यावर खेळलो. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की मी सपाटून मार खाल्ला.

त्याची कारणं आहेत, आणि आपण इंजिनिअरिंगची पोरं आहोत म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. ४० मिलिमीटर व्यास म्हणजे परीघ साधारण साडेबारा सेंटीमीटर. सेन्सर आणि सेटिंग तेच ठेवलं तर ३५ सेंटीमीटर माऊस सरकवण्याऐवजी बॉलला जवळपास पावणेतीन फेरे द्यावे लागतात. बोट एका वेळी बॉलवरून तीन-चार सेंटीमीटर फिरतं. म्हणजे एकतर आठ-दहा वेळा बोटं चालवा, नाहीतर बॉलला टिचकी मारून भिरकावा आणि हवं तिथे बोट टेकवून थांबवा. तिसरा उपाय म्हणजे सेन्सिटिव्हिटी वाढवा. पण ती वाढवली की लांबच्या खिडकीतलं डोकं टिपताना क्रॉसहेअर इकडून तिकडे उड्या मारतो. त्यात एफ.ई.ला मेकॅनिक्समध्ये शिकलेलं स्टॅटिक फ्रिक्शन आडवं येतं. थांबलेला बॉल केसभर हलवायचा असतो, तो आधी अडतो आणि मग एकदम निसटतो. मण्यांवर मळ साचला असेल तर विचारूच नका. पार्टनर दर आठवड्याला बॉल काढून मणी पुसतो, मग बॉल कपाळावरून फिरवून पुन्हा बसवतो. किळसवाणं आहे, पण तेवढ्या तेलाने बॉल खरंच गुळगुळीत चालतो.

याहून मोठी अडचण बटण दाबून धरण्याची. स्कॉट मॅकेंझी, अ‍ॅबिगेल सेलेन आणि विल्यम बक्स्टन यांनी १९९१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माऊस, टॅब्लेटवरचं पेन आणि ट्रॅकबॉल ही तीन साधनं घेऊन नुसतं नेम धरून क्लिक करणं आणि बटण दाबून ओढत नेणं, अशी दोन कामं लोकांकडून करून घेतली. दोन्ही कामांत ट्रॅकबॉल तिसरा आला. ओढण्याच्या कामात तर त्याची फारच दैना झाली, कारण अंगठ्याने बटण दाबून ठेवायचं आणि त्याच हाताच्या बोटांनी बॉल फिरवायचा, यात स्नायू एकमेकांच्या आड येतात. आता काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्यांनी सांगावं, एके-४७ चा स्प्रे म्हणजे काय? बटण दाबून धरायचं आणि नळी वर उसळते म्हणून नेम खाली ओढत राहायचं. म्हणजे ट्रॅकबॉलचं जे सर्वात दुबळं अंग, नेमकं तेच या गेमला सारखं लागतं! एज ऑफ एम्पायर्समध्ये सैन्याभोवती चौकोन ओढतानाही हीच रड. सिव्हिलायझेशनसारख्या निवांत, पाळीपाळीने खेळायच्या गेमला मात्र ट्रॅकबॉलसारखं सुख नाही. मांडीवर ठेवा आणि रात्रभर राज्य करा.

मग पार्टनर काउंटर-स्ट्राइक खेळतो तरी कसा? त्याने खेळच बदलून घेतला. लांब स्प्रे मारतच नाही. एकेक, दोन-दोन गोळ्या सोडतो. मागे वळायचं असेल तर बॉल भिरकावतो आणि बोटाने ब्रेक लावतो. ती गिरकी माझ्या माऊसपेक्षा झटपट होते, हे मी रोज शेजारच्या खुर्चीवरून पाहतो. कोपरा धरून बसायचं काम टीममध्ये त्याच्याकडे असतं. हे सगळं बसवायला त्याला एक अख्खं सेमिस्टर लागलं, आणि त्या सेमिस्टरमध्ये त्याला लागलेल्या केटीचं खापर मी ट्रॅकबॉलवर फोडणार नाही.

हे एवढं पाल्हाळ लावलं, कारण स्पर्धेनंतर संयोजकांना भेटायला गेलो तेव्हा दोन उत्तरं मिळाली. पहिलं, "वेगळ्या उपकरणाचा फायदा मिळू शकतो." फायदा? वर लिहिलेलं सगळं वाचून ज्याला हा फायदा वाटेल त्याने उद्यापासून खुशाल ट्रॅकबॉल घ्यावा, दुकानाचा पत्ता मी देतो. दुसरं उत्तर, "नियम सगळ्यांना सारखा." हे ऐकायला बरोबर वाटतं. पण त्याच दिवशी शेजारच्या टेबलावर एका भिडूकडे अंगठ्यापाशी डझनभर बटणं असलेला माऊस होता. त्यातल्या एकेका बटणावर पाच-सहा कृतींची मालिका भरून ठेवता येते. त्याने तसं केलं होतं असं मी म्हणत नाही. पण कुणी विचारलंसुद्धा नाही, कारण ती वस्तू हलत होती, म्हणजे माऊस! आणि बॉल सोडल्यास ज्याला फक्त दोन बटणं, तो बाहेर. कॉम्प्युटरला विचाराल तर त्याला दोन्ही सारखेच. यूएसबीवरून दोघंही एकाच पद्धतीचा निरोप पाठवतात: आडवं इतकं सरकलं, उभं इतकं सरकलं, बटण दाबलंय किंवा नाही. आपल्या बॉलचा बाप टेबलावर फिरतोय की डबीत बसलाय, हे गेमला कळतही नाही.

बरं, ही वस्तू काही उपरी नाही. उलट हीच थोरली. राल्फ बेंजामिन यांनी ब्रिटिश नौदलासाठी १९४६ साली रोलर बॉल तयार केला, तो रडारच्या पडद्यावर विमानांचा माग ठेवण्यासाठी. तो लष्करी गुपित राहिला. पुढे १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलाच्या डाटार प्रकल्पात बोलिंगचा चेंडू वापरून ट्रॅकबॉल केला गेला. एंगलबार्ट यांच्या माऊसचं जाहीर प्रात्यक्षिक झालं ते १९६८ साली. आणि गेमचंच म्हणायचं तर अटारीच्या १९८० सालच्या मिसाइल कमांड या आर्केड गेमला ट्रॅकबॉलच होता, पुढच्या वर्षीच्या सेंटीपीडलाही. थोडक्यात, पडद्यावर शत्रू टिपायचं काम या बॉलने माऊस जन्मायच्या आधीपासून केलेलं आहे. त्याला "हे काय आहे?" असं विचारणं म्हणजे आजोबांना आयकार्ड मागण्यासारखं झालं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, नाहीतर हा लेख वाचून अर्धं हॉस्टेल ट्रॅकबॉल घेईल आणि मला शिव्या देईल. हे औषध नाही. मनगटाची हालचाल वाचते, पण काम बोटांवर जातं. काही ट्रॅकबॉल फक्त अंगठ्याने फिरवायचे असतात. त्यांच्यावर तासन् तास खेळलं तर अंगठ्याच्या मुळाशी दुखणं सुरू होऊ शकतं. रात्री दोनपर्यंत खेळणाऱ्याचा हात कोणत्याही साधनाने दुखणारच. आणि मनगट धड असेल, टेबल मोठं असेल, तर शूटिंग गेमसाठी माऊसच घ्या. मीसुद्धा माऊसवरच खेळतो. फक्त ज्याचं मनगट धड नाही त्याने काय करायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. परीक्षेत हात मोडलेल्याला अर्ज केल्यावर लेखनिक मिळतो. तेव्हा कुणी म्हणत नाही की पेन हातात धरणं हा नियम आहे. कॅरम स्पर्धेत डावखुऱ्याला उजव्या हाताने स्ट्रायकर मारायला कुणी लावत नाही.

तर संयोजक मंडळींना, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरांना, विनंती एवढीच की नियमावलीत "माऊस" या शब्दाच्या जागी "माऊस, ट्रॅकबॉल किंवा तत्सम साधन, मॅक्रो चालणार नाहीत" असं एक वाक्य घाला. तपासायचं असेल तर मॅचच्या आधी दहा मिनिटं साधन टेबलावर मांडून घ्या, सगळ्यांचंच. वेळ जाईल हे मान्य, पण तसाही आपला पहिला सामना कधी ठरल्या वेळी सुरू झालाय? पुढच्या वर्षीची नियमावली दिवाळीच्या सुट्टीनंतर छापायला जाते, तेव्हा अजून वेळ आहे. आमचा अर्ज जिमखान्यात दिलेला आहे. त्यावर आमच्या मजल्यावरच्या एकतीस जणांच्या सह्या आहेत, आणि त्यात आम्हाला हरवलेल्या टीममधले तिघं आहेत.

ज्यांना ट्रॅकबॉल हाताळून बघायचा असेल त्यांनी रात्री जेवणानंतर आमच्या रूमवर यावं. बॉल बाहेर काढून बघायलाही हरकत नाही, फक्त परत ठेवून जा. मागच्या महिन्यात तो दोन दिवस गायब होता आणि शेवटी कॉमन रूममध्ये टेबल टेनिसच्या टेबलाखाली सापडला.