बिनपरवाना दलाली

पनवेल-रोहे लोहमार्गावर आपट्याच्या पुढे जिते हे लहानसे स्थानक लागते. मुंबईच्या मध्यमवर्गीयाला हे नाव ठाऊक असण्याचे कालपरवापर्यंत काही कारण नव्हते. परंतु २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली, आणि पेण तालुक्यातील भातखाचरांकडे पाहण्याची शहराची दृष्टीच पालटली. जमिनीला भाव आला की तिच्याआधी दलाल उगवतो, हा जुनाच अनुभव आहे.

दलाली हा काही निंद्य व्यवसाय नव्हे. प्रश्न आहे तो जबाबदारीचा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदलेल्या प्रकल्पातील भूखंड वा सदनिका विकून देणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली. एवढेच नव्हे, तर मोबदला घेऊन गिऱ्हाइकाची केवळ गाठ घालून देणाराही दलालच होय, असे व्याख्येतच सांगून टाकले. नोंदणीवाचून हा उद्योग करणाऱ्यास दररोज दहा हजार रुपये, आणि एकंदर त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महारेराने २०२३ पासून दलालांना प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक केली.

असे असता ‘गिऱ्हाईक आणा आणि आपला वाटा घेऊन जा’ हा रिवाज चालूच आहे. कोणी रिक्षावाला, कोणी दुकानदार, कोणी कचेरीतील सहकारी! त्यांचे समर्थक विचारतात, पायपीट करणाऱ्या गरिबाने चार पैसे मिळविले तर बिघडले काय? पायपिटीचे मोल आम्हीही नाकारीत नाही. पण ज्याचा वाटा व्यवहार पार पडण्यावरच अवलंबून आहे, तो सातबाऱ्यावरील बोजा, वारसांचा तंटा वा वाटेची अडचण गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगेल काय? पुढे फसगत झाली, तर त्याचे ना नाव दप्तरी, ना सही कागदावर. मात्र हा वाटा गुपचूप देणारा बिल्डर किंवा नोंदणीकृत दलाल या पापात अधिक मोठा भागीदार आहे. कारण त्याला कायदा ठाऊक असतो.

खरी मेख आणखी पुढे आहे. हा कायदा प्रकल्पांपुरता आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतचे लहान प्रकल्प नोंदणीतून सुटतात. आणि शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या शेतजमिनीच्या व्यवहारातील दलाल तर या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. वास्तविक १९४८ च्या कूळकायद्यातील ६३ व्या कलमाचे निर्बंध असल्याने, शेतकरी नसलेल्या खरेदीदाराला खऱ्या सल्ल्याची गरज येथेच सर्वाधिक. पेण-रोह्याच्या शिवारात दोन माणसे नागवली जाऊ शकतात: आयुष्याची पुंजी विसारात घालणारा शहरवासी, आणि खऱ्या भावाचा पत्ता नसलेला शेतकरी.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शेतजमिनीच्या खरेदीखतातही मध्यस्थाचे नाव आणि त्याला मिळालेली रक्कम लिहिणे सरकारने बंधनकारक करावे. गावच्या तरुणाला हा धंदा करावयाचा असेल, तर त्याच्या भाषेत व त्याच्या तालुक्यात नोंदणी-परीक्षेची सोय व्हावी. आणि वाचकांनी, विसार देण्यापूर्वी, समोरच्या गृहस्थास नोंदणी क्रमांक विचारण्याचा संकोच सोडावा. दलाली जर उजळ माथ्याने घेतली जात असेल, तर ती कागदावर लिहिण्यास हरकत कोणाची असणार? ज्याची असेल, त्याच्यापासून दूर राहणेच शहाणपणाचे!