नोकरीवर जाताना काय नेसावं?

या खेपेला एका लेकीच्या पत्राचं उत्तर द्यायचं आहे. पोर तालुक्याच्या गावी पतसंस्थेत लागली आहे. काउंटरवर बसते. लोक येतात, तिच्याकडे पाहतात आणि विचारतात, "कामाचं माणूस कुठं गेलंय?" अहो, कामाचं माणूस समोरच बसलं आहे! घरात सासूबाई म्हणतात साडीच नेस, धाकटी नणंद म्हणते ड्रेस घाल. पेटीत साड्या आहेत त्या सगळ्या लग्नातल्या. जरीच्या, चमचमत्या, अंगावर न ठरणाऱ्या. पहिला पगार अजून हातात पडायचा आहे. मी काय करू, असं विचारते.

लेकी, आधी एक कर. पगार होईपर्यंत नवं काही विकत घेऊ नको. उधारीवर तर मुळीच नको.

आता त्या लोकांचं बघू. जरीची साडी लग्नात शोभते, कारण तिथं आपण बसायला गेलेलो असतो. काउंटरवर दहादा उठावं लागतं, कपाटातली वही काढावी लागते, नोटा मोजाव्या लागतात. एक हात सारखा पदर सावरण्यात गुंतला की बघणाऱ्याला वाटतं, ही बाई पाहुणी आली आहे. आपल्या आज्या काष्टा घालून नऊवारी नेसायच्या आणि ओच्यात शेंगा भरून घ्यायच्या. लावणीला वाकल्या तरी लुगडं जागचं हलत नसे. ते कामाचंच नेसणं होतं. तसं नेसणं तुला खुर्चीवर हवं, एवढंच.

कामापुरतं नेसणं बदलायला मोठमोठ्या बायाही लाजल्या नाहीत. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथल्या थंडीत नऊवारीत पाय उघडे पडत, म्हणून त्या पाय झाकणारी गुजराथी पद्धतीची साडी नेसू लागल्या. साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली. १८८५ सालचा त्यांचा एक फोटो आहे. शेजारी एक जपानी आणि एक सिरियाची विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. पुढच्याच साली त्यांनी पदवी घेतली.

तर पेटीतल्या साड्या काढ. जरीच्या बाजूला ठेव. मानपानात आलेली एखादी साधी, बारीक काठाची सुती किंवा मिश्र धाग्याची साडी निघेलच. दोन निघाल्या तरी आठवडा निभतो. एक अंगावर, एक दोरीवर. कोणी म्हणेल, हिच्याकडे दोनच साड्या आहेत. म्हणू दे. धुतलेल्या आहेत ना?

खरी मेख ब्लाऊजमध्ये असते. साडी पाचशेची की पाच हजारांची हे काउंटरपलीकडून दिसत नाही, पण दंडात रुतणारं किंवा खांद्यावरून उतरणारं ब्लाऊज लगेच दिसतं. एकच नवं शिवायचं तर काळं किंवा चॉकलेटी शीव, चार साड्यांवर चालतं. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळव, मगच शिंप्याकडं दे. नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. परकराचंही तेच.

पदराच्या निऱ्या घालून खांद्यावर पिन लाव. पिनेत आधी एक मणी ओवला तर साडीचा धागा पिनेच्या वळशात अडकून फाटत नाही. साडीचा काठ घोट्याला टेकेल इतकाच ठेव. जमिनीवर लोळणारी साडी एस.टी. स्टँडावरचा सगळा चिखल कचेरीत आणते. सुती साडीला साबुदाण्याची पातळ खळ पुरे. खळ नसेल तर भाताची पेज गाळून घ्यावी. आणि वीज रात्री दोनला येते म्हणून इस्त्री होत नाही ना? साडी किंचित दमट असतानाच ताणून घडी घाल आणि गादीखाली ठेव. सकाळी बघ.

आता सासूबाईंचं. पत्रात लिहिलंस की नऊ किलोमीटर स्कूटीवरून जातेस. मग माझं मत नणंदेच्या बाजूनं आहे, पण सासूबाईंना दुखवू नको. त्यांना दोन गोष्टी सांग. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाचे नियम काढले, त्यात बायकांसाठी साडीबरोबर सलवार-कुर्ता आहे. मार्च २०२४ मध्ये शाळेतल्या शिक्षकांसाठी नियम आले, त्यातही आहे. मास्तरीण बाईंना जे शोभतं ते आपल्या सुनेला का शोभू नये? पतसंस्थेचा आपला काही नियम आहे का, तेवढं तिथं विचारून घे.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर बाई गाडीसकट आपटते. मोटारसायकलीच्या मागच्या चाकाला जाळी लावतात ती काही शोभेची नव्हे. १९८९ च्या मोटार वाहन नियमांनुसार ते चाक निम्मं तरी झाकलेलं लागतं. नवऱ्यानं काढून ठेवली असेल तर परत बसवून घ्या. स्कूटी चालवताना ओढणी गळ्यात सोडू नको. छातीवरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मार, नाहीतर पिशवीत टाक आणि उतरल्यावर घे. साडीच नेसायची असेल तर पदर कमरेत घट्ट खोच. हे सासूबाईंना नीट समजावलंस तर त्याच सांगतील, ड्रेस घाल म्हणून.

कुर्ता शिवताना एक खिसा मागून घे. शिंपी कुरकुर करतो, करू दे. मोबाईल, पेन, कपाटाची किल्ली कुठं ठेवायची?

वेणी किंवा अंबाडा आवडीप्रमाणे, पण केस डोळ्यांवर येता कामा नयेत. बांगड्या दोन-दोन ठेव. डझनभर बांगड्या नोटा मोजताना वाजतात आणि मोजदाद चुकते. रबरी स्लिपर न्हाणीघरापुरती. मागं पट्टा असलेली साधी चप्पल घे, पहिल्या पगारातली पहिली खरेदी हीच.

आणि कुणी "कामाचं माणूस कुठं गेलंय" असं विचारलं तर इकडंतिकडं बघू नको. पासबुकासाठी हात पुढं कर आणि म्हण, "बोला काका, काय काम आहे? मीच बघते."

राहिलं हळदीच्या डागाचं. साबण लागला की तो लाल होतो म्हणून घाबरलीस, पण साडी काही वाया गेली नाही. तो भाग धुऊन, साडी उलटी करून उन्हात घाल. दोन-तीन उन्हांत फिका पडतो.