ताईंनी कायदा केला, सनद आपण घ्यायची

गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री कोण, असं शाळकरी पोराला विचारलं तरी तो शशिकलाताई काकोडकरांचं नाव सांगेल. पण ताईंनी कुळासाठी नेमकं काय केलं, हे लाभ मिळालेल्या घरातही सगळ्यांना सांगता येत नाही.

ऑगस्ट १९७३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि मुख्यमंत्रिपद त्यांच्या कन्येकडे आलं. गोवा तेव्हा केंद्रशासित होता. खुर्ची वडिलांच्या पुण्याईने मिळाली, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. खुर्चीवर बसून काय केलं, ते बघा.

भाऊसाहेबांच्या काळातल्या १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण मिळालं, पण जमीन भाटकाराचीच राहिली. ताईंच्या सरकारने १९७५ मध्ये मुंडकार कायदा केला. भाटात राहणाऱ्याला भाटकाराच्या मर्जीने घरातून काढता येऊ नये, हा त्याचा हेतू. पाठोपाठ कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती आली. २० एप्रिल १९७६ ही तारीख ठरली आणि त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. एप्रिल १९७९ मध्ये सरकार पडलं, २०१६ मध्ये ताईही गेल्या. कायदा मात्र राहिला.

आता कामाचं बोलतो. खरेदीदार 'मानलं जाणं' वेगळं आणि मालक म्हणून कागदावर येणं वेगळं. मामलेदाराने किंमत ठरवायची, ती आपण भरायची, मग खरेदीची सनद मिळते. एवढं झालं तर काम पुरं. पण 'कायदा आपल्याच बाजूचा आहे, घाई कसली?' म्हणून कित्येक घरं अर्ध्या वाटेवर थांबलीत. कसणारा म्हातारा गेला, साक्षीदार गेले, वारस वाढले. अनुदानाचा अर्ज आला की आम्ही एक-चौदाचा उतारा मागतो, आणि तिथेच गाडं अडतं. उद्या वाद उभा राहिला तर तोंडी सांगितलेलं कोण धरणार?

म्हणून या पावसाळ्याआधी उतारा काढा. कूळ म्हणून नाव आहे का, सनद झाली का, ते तपासा. मुंडकारांनीही आपली नोंद बघून घ्यावी. तलाठी आणि पंचायत सचिव मंडळींना विनंती, अडाणी माणसाला हेलपाटे घालायला लावू नका. कुठला कागद कमी आहे, ते एकदाच नीट सांगा.

आणि एक. वारसांची नावं देताना घरातल्या बायकांची नावं गाळू नका. चिखलात उभी राहून लावणी करते ती बाई, आणि कागदावर तेवढे बाप्ये, हे बरं दिसत नाही. कसणाऱ्याला मालक करणारा कायदा एका बाईच्या कारकिर्दीत झाला, एवढं तरी ध्यानात ठेवा.