हॅवलॉकचा किनारा आणि गेंडामाळ

राधानगर किनाऱ्यावरील गर्दीला कंटाळलेला सातारा-सांगलीकडचा प्रवासी हॅवलॉक बेटाच्या पूर्वेस, कालापत्थरच्या निवांत वाळूत येऊन बसतो. (राधानगर अंदमानातले, आपले राधानगरी नव्हे.) हे बेट ज्याच्या नावाने ओळखले गेले, त्याचा आणि आपल्या मातीचा संबंध मात्र त्याला कोणी सांगत नाही.

हेन्री हॅवलॉक हा जुलै १८५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव करून कानपूर घेणारा इंग्रज सेनानी. त्याच वर्षी साताऱ्यात रंगो बापूजींचा कट फुटला. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर १७ जणांना देहदंड झाला. कोणी फासावर गेले, कोणी तोफेच्या तोंडी. रंगो बापूजींचा पुत्र सीताराम त्यांतच होता. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती लागलेच नाहीत. हा वारसा सांगलीचाही आहे: वाळवा, तासगाव हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते.

मार्च १८५८ मध्ये अंदमानात बंदिवानांची वसाहत सुरू झाली.

डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे ‘स्वराज द्वीप’ झाले. ते उचितच, पण जुन्या नावासोबत ‘हा हॅवलॉक कोण?’ हा प्रश्नही पुसला जातो. तेव्हा इकडच्या सहल आयोजकांनी अंदमानला निघण्यापूर्वी प्रवाशांना एकदा गेंडामाळावर न्यावे. वाट वाकडी करावी लागत नाही, तिकीटही लागत नाही.