रात्रीच्या रागांना कुलूप, ढणढणाटाला मुभा

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला नेमाने जाणाऱ्या रसिकाचा दिवस दुपारी मंडपात नव्हे, तर सकाळी चित्रपटगृहासारख्या अंधारलेल्या दालनात सुरू होतो. महोत्सवाच्या दिवसांत पुण्याच्या सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' या उपक्रमात संगीतविषयक माहितीपट दाखविले जातात आणि 'अंतरंग'मध्ये कलावंतांशी गप्पा होतात. मुख्य महोत्सवाच्या गर्दीपेक्षा ही सकाळची शे-दोनशे माणसांची मांदियाळी मला अधिक जवळची वाटते. इथे येणारा मनुष्य निव्वळ ऐकायला आणि पाहायला येतो. कुणाला दिसावे म्हणून येत नाही. एरवी सरकारी खात्यांविषयी बरे बोलण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तरी फिल्म्स डिव्हिजनने उस्ताद अमीर खाँ यांच्यावरील १९७० चा माहितीपट किंवा मणी कौल यांचा 'सिद्धेश्वरी' (१९८९) यांसारखी कामे करून ठेवली नसती, तर पुढच्या पिढ्यांनी ही माणसे केवळ ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनावर पाहिली असती, हे मान्य केले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी पडद्यावर एका जुन्या मैफलीचे चित्रण चालू होते. कृष्णधवल, थोडेसे ओरखडे पडलेले. शाली पांघरून बसलेले श्रोते, पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर झोपलेले मूल, आणि मालकंस. बाहेर रस्त्यावर रिक्षांचे भोंगे वाजत होते. घड्याळात साडेदहा झाले होते, सकाळचे! शेजारी बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मध्यरात्रीचा मालकंस आता सकाळच्या चहानंतर बघायचा, तोही पडद्यावर."

त्या वाक्याने जी अस्वस्थता दिली, ती अद्याप गेलेली नाही.

गुरू सवाई गंधर्व यांच्या निधनानंतर, १९५३ साली पं. भीमसेन जोशी यांनी त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हा महोत्सव सुरू केला. कुंदगोळच्या रामभाऊंचे ऋण शिष्याने फेडायचे ते गाऊनच, अशी ती भावना होती. पुढे आर्य संगीत प्रसारक मंडळाने तो वाढविला. रमणबागेच्या पटांगणावर तो भरत असे, तेव्हाची रात्र ज्यांनी अनुभवली ते आज साठीच्या आसपास आहेत. थोरल्या काकांचे बोट धरून मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा बरोबर एक सतरंजी, थर्मास आणि दशम्यांचा डबा होता. संध्याकाळचे पूरिया, यमन ऐकून झाले, की लहान मुले आडवी होत. बाराच्या सुमारास थंडी वाढे, मंडपात एक प्रकारची निश्चलता येई आणि त्या निश्चलतेत दोन तानपुरे जुळविण्याचे काम सुरू होई. ते जुळविणेच पाच-सात मिनिटे चाले आणि कुणीही चुळबूळ करीत नसे. मग दरबारी. त्यानंतर उत्तररात्री सोहनी, परज. झुंजुमुंजू होता होता ललत, आणि उजाडल्यावर तोडी. काका मला हलवून जागे करीत आणि म्हणत, "ऊठ रे, हा ललत परत असा मिळायचा नाही." ते किती खरे बोलत होते, हे त्यांनाही ठाऊक नसावे.

आज महोत्सव दुपारी सुरू होतो आणि रात्री दहाला संपतो. सप्ताहाअखेरच्या एखाद्या दिवशी मध्यरात्रीपर्यंतची सवलत मिळालीच, तर ती बातमी होते. याचा एक लाभ झाला, तोही प्रामाणिकपणे नोंदवितो. भीमपलास, मुलतानी, पटदीप, मधुवंती हे दुपारचे राग, ज्यांना जुन्या रात्रीच्या रचनेत जागाच नव्हती, ते आता मनसोक्त ऐकायला मिळतात. परंतु एका प्रहराच्या मोबदल्यात दोन-अडीच प्रहर गमावणे, हा व्यवहार कोणत्याही वाण्याने केला नसता.

असे का झाले? 'ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००' अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपकाला बंदी आली. २०१० साली दुरुस्ती होऊन ध्वनिक्षेपकाच्या जोडीला वाद्यांचाही समावेश झाला. म्हणजे नियमाचे अक्षर पाळायचे, तर उघड्या मंडपात मध्यरात्री विनाध्वनिक्षेपक तानपुरा छेडणारा गवईही कायद्याच्या कक्षेत येतो. सभागृहासारख्या बंदिस्त जागा तेवढ्या वगळलेल्या आहेत. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवप्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार २००२ च्या दुरुस्तीने राज्यांना दिला आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

येथे अनेक मंडळी न्यायालयाच्या नावाने बोटे मोडतात. मी त्यांच्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी जो निकाल दिला, त्यामागची याचिका कशातून उद्भवली हे वाचकांनी आठवून पाहावे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला; आसपासच्या ध्वनिक्षेपकांच्या गोंगाटात तिचा आक्रोश कुणालाही ऐकू गेला नाही; त्याच संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतले. ज्या समाजात मदतीची हाक गोंगाटात बुडते, त्या समाजावर कायद्याने रात्री दहाची रेघ ओढली, तर त्यात न्यायालयाचा दोष तो काय? अर्भके, रुग्ण, अभ्यासाला बसलेली मुले यांच्या झोपेवर आपला हक्क नाही. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे आणि ती योग्यच आहे.

तेव्हा खरा प्रश्न निराळा आहे. हा गोंगाट कुणी केला? दरबारीच्या आलापीने कोणत्या रुग्णाची झोप मोडली होती? विलंबित एकतालातील ख्यालाने कोणत्या घराची तावदाने हादरली होती? ही रेघ ज्यांच्यामुळे ओढावी लागली, ते निराळे होते. आणि हे लिहिताना लेखणी जड होते, पण लिहिलेच पाहिजे: त्यांत आपण होतो. इतरही होते, कुणी निर्दोष नव्हते. परंतु 'ते करतात, मग आम्ही का नको' हा युक्तिवाद मी माझ्या मुलाच्या तोंडून ऐकून घेत नाही, तो संघटित समाजाच्या तोंडून का ऐकून घ्यावा?

सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मंडपांत एके काळी रात्र रात्र शास्त्रीय गायन होत असे. गिरगावच्या चाळींत आणि पुण्याच्या पेठांत नामवंत गवयांनी गणपतीपुढे हजेरी लावली, ती सेवा म्हणून. आणि पैसे मोजू न शकणाऱ्या कारकुनाने, गिरणीकामगाराने, शिंप्याने ते गाणे रस्त्यावर उभे राहून ऐकले. अभिजात संगीत मूठभरांचे आहे, असे हिणविणाऱ्या तथाकथित पुरोगाम्यांना हा इतिहास सोयीस्करपणे आठवत नाही. मात्र तो मंडप ज्यांच्या हाती आला, त्या आमच्या मंडळींना तरी तो कुठे आठवला? गवयाच्या जागी आधी वाद्यवृंद आला, मग ध्वनिफिती, मग ट्रकवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते. मध्यरात्री बंद झालेल्या भिंती सकाळी सहाच्या ठोक्याला पुन्हा गर्जू लागतात, जणू सूर्योदयाची वाट पाहणारे तेच एक भक्त! लक्ष्मी रस्त्यावरच्या मोजमापांत आवाज अनेक वर्षी १०० डेसिबलच्या पलीकडे गेलेला आहे. हे विघ्नहर्त्याचे पूजन आहे, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? २०२५ साली शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, त्याचे स्वागत आहे. पण राज्य महोत्सवाच्या मंडपात एक तानपुरा दिसणार की नाही?

कायद्याला डेसिबल कळतात, राग कळत नाहीत. त्याने ढणढणाट आणि मालकंस एकाच पोत्यात भरले. फरक एवढाच, की ढणढणाटापाशी झुंड आहे. त्याच्यासाठी पुढारी दूरध्वनी करतात, सवलतीचे दिवस वाढवून मागतात, गुन्हे मागे घेण्याची आश्वासने देतात. मालकंसापाशी झुंड नाही. म्हणून १५ दिवसांची सूट गोंगाट करणाऱ्यांच्या वाट्याला आली आणि शिक्षा गाणाऱ्याच्या.

एका जिल्ह्याच्या गावच्या संगीतसभेत मी पाहिले आहे. दहाला आठ मिनिटे कमी असताना कार्यकर्त्याने गायिकेपुढे चिठ्ठी ठेवली. त्या बाईंनी बागेश्रीचा विलंबित नुकता कुठे रंगात आणला होता. त्यांनी चिठ्ठी वाचली, हसल्या, साथीदारांकडे पाहून लय वाढविली आणि पाच मिनिटांत सारे आटोपले. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. बाहेर पडलो तर चौकात एका वरातीच्या वाहनावर हिंदी चित्रपटगीत गर्जत होते, आणि सव्वादहा वाजले होते. बंदोबस्ताचा पोलीस तिथेच उभा होता. त्या बिचाऱ्याला तरी दोष कसा द्यावा, वरात चारशे जणांची होती.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. रागाला वेळ कशाला हवी, असे विचारणारे आहेत, आणि ते सगळेच उथळ नाहीत. याच महोत्सवाची सांगता ज्यांच्या गायनाने अनेक वर्षे झाली, त्या डॉ. प्रभा अत्रे (२०२४ साली त्यांचे निधन झाले) यांनी राग आणि समय यांच्या नात्याविषयी जाहीरपणे शंका घेतली होती. त्यांचा अधिकार एवढा मोठा, की माझ्यासारख्या श्रोत्याने तिथे वाद घालू नये. कर्नाटक पद्धतीतही समयाचा असा काटेकोर आग्रह नाही. तेव्हा दरबारी संध्याकाळी सहाला गायिल्याने तो अशुद्ध होतो, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे श्रोत्याविषयी आहे. संध्याकाळी सहाला आलेला श्रोता कार्यालयातून आलेला असतो, त्याच्या खिशातला भ्रमणध्वनी जागा असतो आणि पुढच्या कलावंताची वेळ त्याला पाठ असते. रात्री दोनला बसलेल्या श्रोत्यापाशी यांतले काही उरलेले नसते. तो गवयाला 'आता पुरे' म्हणत नाही, गवयालाही कुणी चिठ्ठी देत नाही. आणि दीड तासाचा दरबारी घडतो तो या दोघांच्या मोकळेपणातून. घड्याळ लावलेल्या पन्नास मिनिटांत उत्तम गाणे होऊ शकते, ते मी दरवर्षी ऐकतोही. पण ते निराळे गाणे आहे.

मग मार्ग नाही का? कोलकात्याच्या डोव्हर लेन संगीत परिषदेने नजरुल मंचावर रात्रभराच्या मैफलींची परंपरा चालविली आहे. काशीच्या संकटमोचन मंदिरात हनुमान जयंतीच्या सुमारास रात्रभर सूर चालतो. २०२३ साली त्या समारोहाचे शंभरावे वर्ष झाले. हनुमंतापुढे नामवंत कलावंत बसतात आणि श्रोत्याला तिकीट नसते. देवाच्या उत्सवात संगीत कसे असावे, हे पाहायला कुणा मंडळाच्या कार्यकर्त्यांना सहल काढायची असेल, तर ती काशीला काढावी.

आणि पुण्यात? कायद्याने बंदिस्त सभागृह वगळले आहे, हे वर सांगितलेच. हजारभर आसनांचे बालगंधर्व रंगमंदिर शहराच्या मध्यावर उभे आहे. वर्षातून एक रात्र, दहा ते सहा, दरवाजे बंद करून गाणे ठेवायला आजही कायद्याची आडकाठी नाही. अशा रात्री क्वचित होतात. नेमाने होत नाहीत, कारण मागणी नाही. इथे मला माझ्याच बिरादरीला दोन शब्द सुनवायचे आहेत. 'काय त्या रात्री होत्या!' असे उसासे टाकणारे आपण दहाला दहा कमी असतानाच वाहनतळाकडे का धावतो? तानपुरे जुळत असताना आपण मागच्या खाद्यपदार्थांच्या दालनात का असतो? समोरचा गवई डोळे मिटून गात असता आपण भ्रमणध्वनीवर त्याचे चित्रण करतो, ते कोणत्या रात्री पाहण्यासाठी? आणि नातवंडांना बरोबर आणतो का?

शासनाकडे मागायचे ते एवढेच: सवलतीच्या १५ दिवसांपैकी एक दिवस तरी अभिजात संगीतासाठी राखून ठेवावा, आणि ध्वनीची ठरावीक मर्यादा पाळणाऱ्या मैफलीला उघड्या मंडपातही रात्रभर मुभा मिळेल, अशी दुरुस्ती केंद्राने नियमांत करावी. मोजमापाची यंत्रे मंडपाच्या सीमेवर लावा. मर्यादा ओलांडली, तर पहिला मीच उठून जाईन. ही मागणी आपल्या संस्थांनी, आपल्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात आणि संसदेत मांडली पाहिजे. भिंती लावण्यासाठी सूट मागताना जो उत्साह दिसतो, त्याचा दशांश पुरे.

महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने करण्याची प्रथा आहे. मैफलीच्या अखेरीस भैरवी कोणत्याही वेळी चालते, तेव्हा शास्त्राची तक्रार नाही. पण एके काळी ती वाजत असे तेव्हा मंडपाच्या फटींतून उजेड येत असे आणि दूधवाल्यांच्या सायकली निघालेल्या असत. गेल्या खेपेला ती वाजली तेव्हा दहाला काही मिनिटे होती. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहून कानटोपी घालत होते. मागे कुणी तरी भाड्याची गाडी दूरध्वनीवरून बोलावीत होते. गर्दीतून वाट काढीत मी बाहेर आलो, तेव्हा रात्र पुरती सुरूही झालेली नव्हती.